खुलासा : बायबलमधील करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 13 लग्नासाठी लिहिलेला नाही

‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ हा त्यातला उतारा ख्रिस्ती प्रेषित पौलाने नवरा-नवरीला आशीर्वाद म्हणून लिहिला, असा संदेश फिरतो आहे. तसे नाही. हे पत्र इ.स. 55च्या सुमारास करिंथ शहरातल्या एका भांडकुदळ मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, गेले. तिथे गट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता, प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या भोजनाला) कोणी उपाशी तर कोणी चक्क प्यायलेला (अध्याय 11). शिवाय कोणाचे आत्मिक दान (पवित्र आत्म्याने दिलेली देणगी) मोठे, यावर चढाओढ. अध्याय 13 नेमका त्या वादाच्या मधोमध येतो. ‘तुम्ही फुगला आहात’, म्हणजे गर्वाने, असे पौल आधीच सुनावतो (5:2). मग ‘प्रीती फुगत नाही’ हा सरळ टोलाच. लग्नात जरूर वाचा, पण मंडळीच्या वार्षिक सभेत तो जास्त झोंबेल.