चांगला कपॅसिटर का बदलला: दुकानाकडून उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची तक्रार वाचली. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) एकच कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) फुटला होता तरी आम्ही दोन्ही बदलले, वरून दोन रेझिस्टरचे पैसे लावले, आणि 470 मायक्रोफॅरड (चार्ज साठवायच्या क्षमतेचं माप) लिहिलेल्या मालाला मीटर 235 दाखवतो म्हणून तो डुप्लिकेट आहे, असं तुम्ही लिहिलं. ऐन ओलितात मोटर बंद राहिली, राग येणारच.

आधी 235 चं सांगतो. 415 व्होल्टची थ्री फेज लाइन ड्राइव्हमध्ये डीसी झाली की 587 व्होल्ट होते. 400 व्होल्टचा एकटा कपॅसिटर तिथं टिकत नाही, म्हणून दोन सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक जोडून) असतात. त्यानं सहनशक्ती 800 व्होल्ट होते, पण मायक्रोफॅरड निम्मे. दोन्ही मिळून टोकाटोकाला मोजले तर 235 च येणार. माल अस्सल आहे.

न फुटलेला कपॅसिटर वरून ठीक दिसत होता; काढून मोजला तर 300 भरला. सिरीजमध्ये कमी मायक्रोफॅरडवाल्यावर जास्त व्होल्टेज येतं. नव्या 470 सोबत तो ठेवला असता तर दर वेळी ड्राइव्ह चालू करताना त्याच्यावर 358 व्होल्ट आले असते, आणि रात्री लाइन 460 वर असेल तर 397. म्हणून जोडी बदलायची, तीही एकाच कंपनीची, एकाच नंबरची.

खरा बिघाड मात्र रेझिस्टरचा होता. दोन कपॅसिटरचं लिकेज (आतून झिरपणारा करंट) कधी सारखं नसतं, म्हणून दोघांवर व्होल्टेज सारखं ठेवायला प्रत्येकावर 47 के (47 हजार ओहम) चा रेझिस्टर असतो. त्यावर 1.8 वॅट सतत जळतात. तुमच्यात 2 वॅटचे होते. वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये, मे महिन्यात, ते किती टिकणार? एक ओपन झाला (आतून तुटला), खालचा बोर्ड काळा पडला, आणि त्याच्याच कपॅसिटरवर जवळपास सगळं व्होल्टेज आलं. फक्त कपॅसिटर बदलला असता तर तोही फुटला असता. आम्ही 5 वॅटचे सिरॅमिक रेझिस्टर बोर्डापासून उचलून लावले, कपॅसिटर 105 डिग्री उष्णता सोसणारे घातले.

बिलावर नुसतं 'ड्राइव्ह दुरुस्ती' लिहिलं, जुना माल दाखवला नाही, ही आमची चूक. तो पिशवीत ठेवला आहे, घेऊन जा. ड्राइव्हही आणा, दोन्ही कपॅसिटरवर 290 च्या आसपास सारखं व्होल्टेज आहे की नाही, तुमच्यासमोर मोजू.

तोवर घरी खोलू नका. रेझिस्टर चांगले असले तर लाइन बंद केल्यावर दोन मिनिटांत चार्ज उतरतो. एखादा ओपन असला तर बराच वेळ तसाच राहतो. पेचकस लावून शॉर्ट तर अजिबात करू नका.