व्हिसा-बिसा काही लागत नाही, काका

परवा आईने वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या अरुणाचलच्या मुलीला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "बेटा, तुम्हारे घर जाने को पासपोर्ट लगता है क्या?" पोरगी हातातली भाजीची पिशवी सावरत आईपेक्षा कितीतरी सफाईदार हिंदीत म्हणाली, नाही लागत. मी मागेच उभी होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आईने घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला मेसेज वाचला होता. तो असा: ईशान्येच्या सातही राज्यांत जायला भारतीयांना व्हिसा लागतो, कलम 371 ने त्यांना वेगळी घटना दिली आहे, तिथे कुणी कर भरत नाही, आपण तिथे जमीन घेऊ शकत नाही पण ते आपल्याकडे घेतात, त्यांना हिंदी येत नाही, हिंदू उरलेले नाहीत आणि मन चीनकडे आहे. शेवटी 'जागे व्हा' आणि तीन मशाली.

आधी तो व्हिसा. मेसेजवाला ज्याला व्हिसा म्हणतोय त्याचं नाव इनर लाइन परमिट, म्हणजे 'आतली रेघ' ओलांडून त्या भागात जायचा परवाना. ते सात राज्यांत नाही, चार राज्यांत लागतं: अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर 2019 पासून मणिपूर. अर्ज ऑनलाइन करता येतो. आणि ही रेघ ओढली कुणी? इंग्रजांनी, 1873 च्या 'बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन'ने. हा कायदा चार-दोन पानांचाच आहे, काकांनी एकदा वाचावाच. परवान्याविना रेघ ओलांडून शिक्षा झालेल्याकडे रबर, मेण, हस्तिदंत किंवा जंगलातला इतर माल सापडला तर तो जप्त करता येईल, असं त्यात लिहिलंय. म्हणजे भीती कशाची होती ते बघा. चहाचे मळेवाले आणि रबराचे व्यापारी डोंगरात घुसायचे, तिथल्या लोकांशी भांडणं व्हायची, मग हल्ले, मग फौज पाठवा, मग खर्च. तो टाळायला रेघ, आणि रोखायचं होतं ते 'ब्रिटिश प्रजे'ला. स्वातंत्र्यानंतर त्या शब्दांच्या जागी 'भारताचे नागरिक' आलं आणि कायदा तसाच चालू राहिला. तो आजही हवा का, यावर वाद जरूर घाला. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी हिशेबाला कुणा नागाचा किंवा मिझोचा देशद्रोह म्हणू नका.

आता 371. याच्यावर मला खरं हसू आलं. काका, घटनेत मूळ 371 उघडा. त्याच्या दुसऱ्या खंडात कोण आहे? आपण! विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं, आणि त्याबद्दल राज्यपालांची विशेष जबाबदारी. शेजारी गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छसह. ती मंडळं 1994 पासून 2020 पर्यंत होती, मराठवाड्याच्या अनुशेषावर आपणच किती भांडलो! मग आपलीही वेगळी घटना झाली का? नागालँडचं 371-अ 1962 चं. नागांच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीचा कायदा, जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. बाकी घटना तीच, सर्वोच्च न्यायालय तेच.

इथे एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. याच 371-अ ची ढाल पुढे करून नागालँडमध्ये नगरपालिकांतलं महिलांचं 33 टक्के आरक्षण वर्षानुवर्षं अडवलं गेलं. 2017 मध्ये त्यावरून कोहिमात जाळपोळ झाली. निवडणुका अखेर जून 2024 मध्ये झाल्या. विधानसभेत पहिल्या दोन महिला निवडून यायला 2023 उजाडलं. टीका करायचीच तर ही करा ना! पण मेसेजवाल्याला हे ठाऊकच नाही.

कराचं अर्धसत्य आहे. आयकराची सूट ठरावीक भागांतल्या अनुसूचित जमातींच्या लोकांना, आणि तीही मुख्यतः तिथे मिळालेल्या उत्पन्नावर. त्यात एखादा गर्भश्रीमंतही सुटतो, हे खरं. पण तिथल्या बिगर-आदिवासी दुकानदाराला आयकर आहेच, आणि जीएसटी तर सगळेच भरतात.

हिंदू आणि हिंदीबद्दल: 2011 च्या जनगणनेत अरुणाचलात ख्रिश्चन साधारण 30 टक्के, हिंदू 29, दोन्यी-पोलोसारखे स्थानिक धर्म मानणारे 26, बौद्ध 12. कुणाचंच बहुमत नाही. आणि इतक्या बोलीभाषांत एकमेकांशी बोलायला तिथली माणसं सर्रास हिंदी वापरतात. जिन्यातली हिंदी आठवा.

चीनचं म्हणाल, तर चीन ज्यावर हक्क सांगतो त्या अरुणाचलातल्या तवांगला 1951 मध्ये जाऊन भारताचा कारभार बसवला तो मेजर बॉब खाथिंग यांनी. ते मणिपूरचे तांगखुल नागा. एवढंच सांगते, जास्त बोलले तर भाषा घसरेल.

राहिली जमीन. तिथल्या बऱ्याच भागांत बाहेरच्याला घेता येत नाही, बरोबर. पण काका, महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीनही सहजासहजी मिळत नाही. फार्महाऊससाठी तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला शोधत आजोळच्या तलाठ्याकडे दोन उन्हाळे खेटे घातलेत. तेव्हा वेगळ्या देशात राहतोय असं वाटलं होतं का तुम्हाला?