लॉर्ड हॅरिस आले तेव्हा मुंबई क्रिकेट खेळतच होती

मुंबईतल्या शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्डचे सामने आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. लॉर्ड हॅरिस हे भारतीय क्रिकेटचे जनक, इंग्लंडच्या या माजी कर्णधाराने मुंबईचा गव्हर्नर म्हणून इथल्या लोकांना क्रिकेट शिकवलं, मैदानं दिली, राज्यही उत्तम चालवलं आणि सगळ्या जातीधर्मांना एकत्र खेळवलं, असा त्याचा सूर असतो. आपली मुलं हे खरं मानून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हॅरिस यांनी क्रिकेट शिकवलं? ते गव्हर्नर झाले एप्रिल 1890 मध्ये. पारशी तरुणांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 चा, म्हणजे हॅरिस यांच्या जन्माच्याही आधीचा. हिंदू मुलांचा बॉम्बे युनियन क्लब 1866 चा. पारशांनी 1886 आणि 1888 साली स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडचे दौरे केले. दुसऱ्या दौऱ्यात डॉ. मेहलाशा पावरी यांनी 170 बळी घेतले. जानेवारी 1890 मध्ये मुंबईत पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं, तेव्हा नवे गव्हर्नर अजून यायचे होते. मग शिकवलं कोणी कोणाला?

मैदानांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. मुंबईत फोर्टालगतच्या एस्प्लनेड मैदानात देशी पोरं क्रिकेट खेळायची आणि तिथेच गोरे साहेब पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची. अशा खड्ड्यांच्या जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू गुडघ्यावर येईल की कपाळावर, हे फलंदाजाने कसं ओळखायचं? 1881 पासून पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने, पोलो इथून हलवा म्हणून अर्जांवर अर्ज गेले. एकदा सरकारने पोलो हलवलाही, आणि 1883 मध्ये पुन्हा साहेबांच्या बाजूने निकाल फिरवला. शापूरजींनी 1897 साली या झगड्याची हकिकत पुस्तक करून छापली. क्रिकेटप्रेमी हॅरिस आल्यावर हजाराहून जास्त लोकांच्या सह्यांचा अर्ज त्यांच्यापुढे गेला. त्यांनी तो फेटाळला.

समुद्रालगत जिमखान्यांना मिळालेल्या जागांचं श्रेयही अर्धंच त्यांचं. पारशी जिमखान्याला जागा 1887 ची, म्हणजे त्यांच्या आधीच्या सरकारची. हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना मात्र त्यांच्या कारकिर्दीत जागा मिळाल्या, आणि 1892 मध्ये सुरू झालेल्या युरोपियन विरुद्ध पारशी सामन्यालाही त्यांचा पाठिंबा होता. ते नाकारायचं कारण नाही. पण तेव्हाही त्यांची भूमिका अशी की प्रत्येक जमातीला एक जिमखाना दिला की पुरे, पुढे कोणी जागा मागू नये.

उत्तम राज्यकारभाराबद्दल एवढंच सांगतो: ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत भयंकर दंगल पेटली, तेव्हा गव्हर्नर पुण्यात गणेशखिंडीत होते. ते मुंबईत परतले नवव्या दिवशी.

आणि सगळ्यांना एकत्र खेळवलं, हे तर उलटंच आहे. संघ धर्मावर पडले. युरोपियन आणि पारशांच्या सामन्यात हिंदू आले 1907 साली, मुसलमान 1912 साली. बॉम्बे जिमखान्याचं सदस्यत्व तेव्हा गोऱ्यांपुरतं होतं. हॅरिस यांच्या कारकिर्दीतलंच पुणं पाहा. तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा दलित मुलगा महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायचा. पुढे हिंदू संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकणं कठीण होतं. पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. गोऱ्यांच्या क्लबात त्याने इतकी षटकं टाकली, पण नेटमध्ये एकदाही त्याच्या हातात कोणी बॅट दिली नाही.