"डाळ बाहेरून आणू, शेतकऱ्याला कशाला पोसायचं?" ह्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेदहाला पोरीचा मेसेज आला. ती पुण्यात होस्टेलला राहते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय, तो तिनं मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "अण्णा, ह्याला काय उत्तर देऊ?" हाच मेसेज मला आधी दोन-तीन ग्रुपवरून आला होता, मी न वाचता सोडून दिला होता. पण लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीला वर्गमित्रांच्या टाळ्या-इमोजीसकट हे वाचायला लागतंय म्हटल्यावर झोप उडाली.

फॉरवर्ड लांबलचक आहे, पण त्यात मुद्दे चारच. एक, शेतकऱ्याला हमीभाव मिळतो, म्हणून त्याला तोटा होतच नाही. दोन, शेतकरी तूर दाबून ठेवतात म्हणून डाळ महाग. तीन, इन्कम टॅक्स नाही, वीज फुकट. आणि चार, अमेरिका-कॅनडाचे शेतकरी सरकारपुढं हात न पसरता स्वस्त पिकवतात, तर त्यांचाच माल आणून खाऊ, ह्यांना कशाला पोसायचं.

हमीभावाचं आधी सांगतो. हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं, एवढं तरी लिहिणाऱ्यानं बघायला पाहिजे होतं. केंद्र सरकारनंच नेमलेल्या शांता कुमार समितीनं जानेवारी २०१५ च्या अहवालात लिहिलंय की सरकारी यंत्रणेला हमीभावानं माल विकू शकणारे शेतकरी देशात फक्त ६ टक्के. आता माझं ऐका. ऑक्टोबर २०२४. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये. काढणीच्या वेळी पाऊस लागलेला, एका बॅग बियाण्याच्या रानाला चार हजार असं काढणीचं गुत्तं (ठेका) देऊन माणसं लावली, मळणी केली, २२ कट्टे (पोती) टेम्पोत टाकून मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, नेले. खरेदी केंद्राची अट १२ टक्के ओलाव्याची, आमच्या मालात मशीनचा काटा १७ दाखवायला. वाळवून आणा म्हणाले. वाळवायचं कुठं, रोज आभाळ भरून यायचं, आणि पोरीच्या फीचा हप्ता त्याच आठवड्यात भरायचा होता. मोंढ्यात ३,८५० नं दिलं. वर हमाली, तोलाई कापली. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्रानं ओलाव्याची अट १५ टक्के केली तोवर फीसुद्धा भरून झाली होती. ती पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, अजून माझ्याकडं आहे. क्विंटलमागं हजारावर रुपये कमी मिळाले, आणि ज्या पोरीची फी त्यातून भरली तिलाच हा मेसेज की तुझ्या बापाला तोटा होत नाही.

तूर दाबून ठेवण्याचं तर डोकंच फिरवतं. आमच्याकडं तूर सोयाबीनच्या पाट्यात, म्हणजे आंतरपीक म्हणून असती, डिसेंबर-जानेवारीत रास (मळणी) होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांचीच तूर एकदम मोंढ्यात, कारण ३१ मार्चच्या आत पीककर्ज नवं-जुनं करायचं, कृषी दुकानदाराची उधारी फेडायची. शहरात डाळ महागते ती बहुतेक पावसाळ्यानंतर, तेव्हा आमच्या घरात खाण्यापुरती एखादं पोतं तूर राहिलेली असती. आणि २ जून २०२३ ला सरकारनं तूर-उडदावर साठा मर्यादा लावली ती कुणावर? घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन, शिवाय मिलवाले आणि आयातदार. शेतकऱ्याचं त्यात नाव नाही. साठा कुठं असतो ते सरकारला कळतं, फॉरवर्डवाल्याला कळत नाही.

इथं एक गोष्ट मात्र मान्य करतो, आपल्या लोकांना आवडणार नाही तरी. सगळा पैसा मधला व्यापारी खातो असं आपण उठसूट म्हणतो, ते डाळीच्या बाबतीत तेवढं खरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले तुरीत साधारण ६५ पैसे आणि हरभऱ्यात ७५ पैसे शेतकऱ्याकडं येतात असं निघालं. टोमॅटोत ३३ पैसेच. पण हे ६५ पैसे म्हणजे नफा नव्हे, त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं जातंय.

टॅक्स आणि वीज. वीजबिल माफ आहे, खरंय, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला, एप्रिल २०२४ पासून. लाइट बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येती आणि दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) अंधारात जावं लागतं, ते जाऊ द्या. टॅक्सचं म्हणाल तर केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये, आणि त्यात मजुरी, दूध सगळं धरलेलं, नुसत्या पिकाचे ३,७९८. एवढ्या कमाईवर पुण्यातल्या नोकरदारालाही टॅक्स नाही. जे धनदांडगे सातबारा पुढं करून दुसरीकडचा पैसा पांढरा करतात त्यांच्यावर खुशाल लावा, माझी हरकत नाही.

आता चौथा. हाच सगळ्यात विषारी आहे, कारण शिकलेल्या पोरांना हा पटतो.

अमेरिकेचा शेतकरी हात पसरत नाही? तिथं १९३३ पासून शेतीला सरकारी आधाराचे कायदे आहेत. २०१८ ला चीननं अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के ड्युटी लावली तर ट्रम्प सरकारनं त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलर जाहीर केले आणि २०१९ मध्ये आणखी १६ अब्ज. युरोपियन युनियनच्या बजेटचा तिसरा हिस्सा शेतीच्या धोरणावर जातो. चुकीचं करतात असं मी म्हणत नाही, आपला शेतकरी मोडू नये एवढं त्यांना कळतं.

आणि आपल्याकडं? पोरीला मी सांगितलं, बाकी सगळं विसर, हा एक आकडा पाठ कर. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था, दोघांनी मिळून २०१८ मध्ये भारताच्या शेती धोरणाचा अहवाल काढला. २०००-०१ ते २०१६-१७ ह्या काळात भारतातल्या शेतकऱ्याला सरकारी धोरणातून मिळालेला आधार शेतीच्या एकूण मिळकतीच्या सरासरी उणे १४ टक्के. उणे! म्हणजे खताची, विजेची सबसिडी जमेला धरूनही निर्यातबंदी, बाजारावरची बंधनं ह्यांच्यामुळं शेतकऱ्याच्या खिशातून जास्त गेलं. नंतरच्या वर्षांतही आपला आकडा उणेच राहिलाय. मग पोसतंय कोण कुणाला?

हे उणे कसं होतं ते तुरीवरून दाखवतो. २०१५ ला शहरात तूरडाळ २०० रुपये किलोला गेली, देशभर बोंब झाली. सरकारनं मोझांबिकशी तूर आणायचा करार केला आणि इकडं आम्हाला सांगितलं तूर पेरा, बोनससकट ५,०५० हमीभाव. आम्ही पेरली, पाऊसही चांगला झाला, तूर अमाप पिकली. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मोंढ्यात भाव चार हजाराच्या आसपास, खरेदी केंद्रावर बारदाना (रिकामी पोती) संपलेला. ट्रॅक्टर लाइनीत लावून मी नऊ रात्री पोत्यांवर झोपलोय. वडील एसटीनं डबा घेऊन यायचे, ट्रॉलीच्या सावलीत दोघं जेवायचो, आणि ते दर वेळी एकच विचारायचे, आज तरी नंबर लागतो का. बाहेरच्या तुरीला मर्यादा घातली ती ऑगस्टमध्ये, तोवर आमची तूर विकून झाली होती.

हे एकदाच झालेलं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारावर गेलं, लगेच १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी, आणि आमचा माल निघेपर्यंत भाव खाली. डिसेंबर २०२३ ला हरभऱ्याच्या जागी चालणारा पिवळा वाटाणा विनाशुल्क केला, कॅनडा-रशियाची जहाजं सुरू, हरभऱ्याचा बाजार दबला. ड्युटी परत लावली नोव्हेंबर २०२५ ला, दोन वर्षांनी. मे २०२५ च्या शेवटी, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलाची मूळ ड्युटी २० वरून १० टक्के केली. भाव वाढला की आठवड्यात निर्णय होतो. पडला की अर्ज करा, नोंदणी करा, नंबरची वाट बघा.

देशात तूर कमी पडती, आयात लागती, हे मला मान्य आहे. पण फक्त बाहेरून आणून खाऊ म्हणणाऱ्यांनी २०२३ चा शेवट आठवावा. मोझांबिकच्या बंदरात भारतासाठीची तूर तिथल्या निर्यातदारांच्या भांडणात अडकून पडली, आणि इथं डाळ महागच राहिली. तूर ही काही कुठूनही आणता येणारी वस्तू नाही. मुख्यतः म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी. इथल्या माणसानं दोन-तीन हंगाम मार खाऊन तुरीऐवजी ऊस लावला तर, आणि आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली तरी लोक ऊस लावतात कारण त्याला निदान एफआरपी (कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान भाव) आहे, तर मग वरण कशाचं करायचं ते त्या ग्रुपवाल्यांनीच सांगावं.

पोरीला हे सगळं व्हॉइस नोट करून पाठवलं, सोबत त्या पट्टीचा फोटो. तिनं सकाळी तो ग्रुपवर टाकला. एका पोरानं विचारलं, "३,८५० म्हणजे एका पोत्याचे ना?" तिनं लिहिलं, नाही, क्विंटलचे. शंभर किलोचे.