गायरानाचं गोल्फ मैदान कसं करावं?

सरपंचभाऊ, गावाला एवढं मोठं गायरान आणि त्यावर अजून शेळ्याच चरताहेत, हे काही बरं दिसत नाही. तिथे गोल्फ मैदान काढा. काढायचंच तर ऐतिहासिक काढा.

इतिहासाची चिंता नको, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा घ्या. जगभर नावाजलेलं मैदान, पण सुरुवातीला त्याचा आराखडा कुणी काढलाच नव्हता. समुद्राकाठची वाळवट जमीन, तिचं गवत मेंढ्या कुरतडून ठेवायच्या. वाऱ्याच्या आडोशाला त्या जिथे बसायच्या, त्या खड्ड्यांचेच पुढे बंकर, म्हणजे चेंडू अडवणारे वाळूचे खड्डे, झाले म्हणतात. आज तिथे 112 बंकर आहेत. तुमच्याकडे मुरूमवाल्यांनी पाडलेले खड्डे मोजा, कमी भरायचे नाहीत! त्यांना अवैध उत्खनन म्हणणं सोडा, बंकर म्हणा. तलाठीआप्पांचीही पंचाईत मिटेल.

चेंडू घालायची भोकं 18 च ठेवा. तिथे आधी 22 खेळत. 1764 साली सुरुवातीच्या चारांची दोन केली; तीच भोकं जाताना आणि येताना खेळत, म्हणून जाताना दोन घटली, येताना दोन, आणि तोच आकडा पुढे जगाने उचलला. तुम्हीही चार कमी करा. बिल मात्र 22 चंच काढा, तेवढी परंपरा आपल्याकडेही आहे.

1865 पासून तिथली राखण ओल्ड टॉम मॉरिसकडे होती. हा बाबा हिरवळीवर सारखी वाळू पसरायचा. हे मुद्दाम लक्षात ठेवा. गिरणा नदीतून रात्री निघणारे वाळूचे डंपर कुठे जातात, असं कुणी विचारलं तर दाखवायला मैदान झालं. पाण्याचं म्हणाल, तर केळीला ठिबक आणि लॉनला फवारे. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की गावाच्या टाकीवर थोडा ताण येईल, पण ऐतिहासिक म्हटल्यावर सोसावं लागतं.

काही पानं मात्र गावाला वाचून दाखवू नका. तिथल्या आर्चबिशपने 1552 सालीच गावकऱ्यांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क लेखी मान्य केला होता. 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगर परिषदेने ती जमीन हातची घालवली, तिथे सशांची पैदास सुरू झाली, तर लोक सशांविरुद्ध कोर्टात भांडले! 1821 साली एका जमीनदाराने ती विकत घेतली तेव्हा कुठे ससे हटले. आजही मैदान सार्वजनिक आहे. एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात. हा रविवारचा भाग तर अजिबातच नको. आपले साहेब लोक रविवारीच येणार. म्हणून आधी तारेचं कुंपण, मग गेट, मग वॉचमन, आणि सगळ्यात शेवटी गवत.

राहिली ग्रामसभा. पहिली कोरमअभावी तहकूब होऊ द्या, तहकूब सभेला कोरम लागत नाही. ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठेवा. बाया झोक्यावर असतात, माणसं पत्त्यांवर. तरी कुणी फिरकलाच, तर त्याला तिथल्या तिथे क्लबाचा सभासद करून टाका.