निसर्गाचे शत्रू

वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर रविवारपासून माझा फोटो फिरतोय. खाली ओळ : 'निसर्गाचे शत्रू! वेळीच ओळखा!!'

गुन्हा काय, तर आम्ही काही जण कॉसमॉस उपटत होतो. पाऊस सरता सरता पुण्याच्या टेकड्या पिवळ्या-केशरी होतात आणि लोक नटूनथटून फोटो काढायला जातात, तीच ही फुलं. मूळची मेक्सिकोची. ती माजली की कुसळी गवत मागे हटतं, आणि त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे तित्तिर, चंडोल उघड्यावर पडतात. म्हणून बी धरायच्या आत मुळासकट काढायचं. ओल असेल तर रोप सुळकन येतं. मुरूम वाळला असेल तर आधी आपली कंबर येते.

तेवढ्यात काका आले. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी, खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं.

"ताई, फुलं का उपटताय?"

"परदेशी आहेत, काका. पसरतात."

"सकाळी काय खाऊन निघालात?"

"पोहे."

"बटाटा घालून?"

"हो."

"बटाटा दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिकोची. वर शेंगदाणे घातले असतील, तेही तिकडचेच. पोटात चालतं, टेकडीवर चालत नाही होय?"

मागे थांबलेले दोघे हसले. मिरचीचं रोप आख्खा डोंगर बळकावत नाही, हे उत्तर मला खाली उतरल्यावर, पौड रोडच्या सिग्नलला सुचलं.

"आणि मी दरवर्षी हौसेने बी टाकतो इथे," काका पुढे म्हणाले. "दिवाळीत गोळा करायचं, पावसाच्या तोंडावर मूठ-मूठ उधळायचं. किती उजाड होती हो ही बाजू!"

उजाड! या शहरात गवताळ माळ दिसला की प्रत्येकाला तो रिकामा प्लॉट वाटतो. कुणी गिरिपुष्पाची झाडं लावून ठेवतं, कुणी जुलैत खड्डा खणून, गुलमोहर खोचून, फोटो काढून जातं ते परत पाणी घालायला फिरकत नाही, कुणी थेट नकाशावर रस्ताच आखतं. गवत उपटलं तर कुणी हूं की चूं करत नाही. फुलाला हात लावला की मात्र सगळ्यांना निसर्ग आठवतो. आम्ही रविवारची झोप मोडून हे करतो, पदरचे हातमोजे घालून. जाऊ दे.

भाषण आटोपल्यावर काकांनी खिशातून कापडी पिशवी काढली. "टाकूनच देणार ना? मग देवाला तरी होतील," म्हणत आमच्या ढिगातली ताजी फुलं निवडून निवडून पिशवीत भरली आणि मग, दोन पावलं मागे जाऊन, फोटो काढला.

तोही मागून, मी वाकलेली असताना. चेहरा अजिबात दिसत नाही, पण जाऊबाईंनी लगेच ओळखलं.