अपलोडर्समध्ये नाव वाढवलं म्हणजे काम वाटलं गेलं असं नाही

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तिच्यातल्या एखाद्या पॅकेजची, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार केलेल्या सॉफ्टवेअरची, कंट्रोल फाइल (पॅकेजची माहिती लिहिलेली फाइल) उघडा. 'मेंटेनर', म्हणजे पॅकेज सांभाळणारा, म्हणून टीमचं नाव, खाली 'अपलोडर्स'मध्ये, म्हणजे सोबत सांभाळणाऱ्यांत, चार माणसं. आता चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचत मागे जा. वर्षानुवर्षं प्रत्येक नोंदीखाली एकाच माणसाचं नाव असेल, तर ती टीम कागदावरचीच.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा पॅचपाशी, म्हणजे मूळ कोडवर डेबियनने केलेल्या बदलापाशी. अपस्ट्रीमची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची, नवी आवृत्ती येते आणि जुना पॅच तिच्यावर बसत नाही. पॅचच्या डोक्यावर ना वर्णन, ना तो अपस्ट्रीमला पाठवल्याची नोंद. नव्या स्वयंसेवकाने करायचं काय? काढून टाकला तर दाबलेला बग परत वर येणार. ठेवला तर न समजलेला कोड हाताने जुळवावा लागणार. उत्तर एकाच माणसाच्या डोक्यात. म्हणून अपलोडचे हक्क वाटण्याआधी प्रत्येक पॅचवर दोन ओळी लिहा: कशासाठी आणि अपस्ट्रीमला कळवलं का. वॉच फाइल चालती ठेवा, म्हणजे नवी आवृत्ती आल्याचं कुणालाही कळतं. ऑटोपीकेजीटेस्टही, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजची आपोआप होणारी चाचणी, हवीच, कारण बिल्ड झालेलं पॅकेज इन्स्टॉल केल्यावर चालेलच असं नाही.

नव्या माणसाला आधी जुने बग द्या. ते आजच्या आवृत्तीत घडतात का, हे बघण्यातच पॅकेज हाताखालून जातं. मग साल्सावर, म्हणजे डेबियनच्या कोड ठेवण्याच्या साइटवर, मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती. अपलोड सगळ्यात शेवटी.

एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत काय झालं ते आठवा. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर 2022 मध्ये दबाव आणला गेला आणि मदतीला आलेल्याच्या हाती रिलीज गेलं. 29 मार्च 2024 ला 5.6.0 आणि 5.6.1 मधलं मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, उघडकीस आलं. ते बिल्डमध्ये घुसवणारी एम4 फाइल (बिल्डची स्क्रिप्ट) टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीजच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये होती; गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड इतिहासात नव्हती. टारबॉल आणि गिट टॅग (गिटमधली त्या आवृत्तीची खूण) ताडून पाहणं हे दुसऱ्या माणसाचं काम आहे आणि माझ्या मते ते अपलोडइतकंच मोलाचं आहे.

मेंटेनर गप्पच झाला असेल, तर सॅल्व्हेजची, म्हणजे दुर्लक्षित पॅकेज हाती घेण्याची, वाट आहे: तसा बग नोंदवा, 21 दिवस थांबा, मग किमान 7 दिवसांच्या डिलेड रांगेत (जिथून अपलोड उशिराने पुढे जातो) अपलोड. पण मेंटेनरनेच वेळेवर 'आरएफएच', म्हणजे मदत हवी, असा बग टाकला तर ही वेळ येत नाही. हा बग टाकण्यात कमीपणा कसला?

तुम्ही रोज वापरता असं एखादं पॅकेज घ्या. आज त्याचं डेबियनच्या साइटवरचं ट्रॅकर पान (पॅकेजची सद्यस्थिती दाखवणारं) उघडा आणि शेवटचा अपलोड कधीचा, कुणाचा, एवढं बघा.